'मेलोडिक हार्डकोअर'ला मराठीत काय म्हणाल?

कॅसेटवाला: एका दिवाळी अंकासाठी बॅड रिलिजन या अमेरिकन पंक रॉक बँडच्या '८०-८५' या अल्बमवर टिपण दिलं होतं. मी लिहिलेलं 'सुरुवातीच्या मेलोडिक हार्डकोअर गाण्यांचं कम्पायलेशन'. (हार्डकोअर म्हणजे पंकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार; मेलोडिक म्हणजे त्यातही चाल असलेला.) परत आलं ते 'आरंभकालीन मधुर कट्टर गीतांचे संकलन' होऊन! त्यातून बँडचं नाव असं. वाचणाऱ्याला वाटायचं, कुठल्यातरी पंथाची भजनं आहेत. परवापर्यंत कळवायचंय. काय करू?

ओसरी: कट्टर नकोच, त्याला लगेच धर्म नाहीतर कार्यकर्ता चिकटतो. जहाल म्हणा. जहाल-मवाळ सगळे शाळेत शिकलेत.

पानसुपारी: जहाल अरबी 'जाहिल'वरून, म्हणजे अडाणी. यांचा गायक कॉर्नेलचा प्राणिशास्त्रातला पीएचडी आहे हो!

ओसरी: पीएचडी फार नंतरची. १९८० साली लॉस एंजेलिसात बँड काढला तेव्हा गडी शाळेत होता. आणि जाहिलचं काढू नका. जहाल विष काय अडाणी असतं?

वाळूखडी: आम्हा सिव्हिलवाल्यांच्या इंग्रजी पुस्तकांत हार्डकोअर म्हणजे फरशीखाली भरायचे विटा-दगडांचे तुकडे. साइटवर सोलिंग म्हणतात. 'सुरेल सोलिंग' कसं वाटतं?

निगेटिव्ह: माझी हरकत 'संकलन'ला. सिनेमात संकलन म्हणजे कापाकापी. इथे १९८१ची ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड), १९८२चा पहिला अल्बम, १९८५ची ईपी आणि 'पब्लिक सर्व्हिस' या अनेक बँडच्या कम्पायलेशनमधली तीन, अशी २८ गाणी १९९१मध्ये एपिटाफ या रेकॉर्ड कंपनीने एकत्र आणली. सगळंच घेतलंय. सरळ 'समग्र' लिहा.

कॅसेटवाला: समग्र कसं? १९८३चा 'इंटू द अननोन' हा त्यांचा अल्बम कुठाय त्यात? तो सिंथेसायझरवाला. आत्मचरित्रात पहिल्या धंद्यातली खोट गाळावी तसा गाळलाय.

निगेटिव्ह: मग झालंच की संकलन! कापलंय ना?

पानसुपारी: एवढं अडतंय तर मेलोडिक हार्डकोअरच ठेवा. पाव, साबण, चावी घेतले तेव्हा कोणाला विचारलं होतं?

ओसरी: पाव खाऊन पोट भरतं म्हणून राहिला. 'सुरेल' घरात असताना मेलोडिक कशाला?

कॅसेटवाला: सुरेल म्हणायलाही जीभ रेटत नाही. तो 'आऽऽ' करत चढणारा आवाजांचा थर नीट जमला १९८८च्या 'सफर' अल्बममध्ये (प्रवास नव्हे, सोसणं). या आधीच्या गाण्यांत चाल पक्की, पण भोवती नुसता धुरळा. मामेभावाने भरून दिलेली टेप घरी लावली होती, तर आजी म्हणाली, "चाल बरी आहे रे, पण मागून ट्रक का जातोय?"

पानसुपारी: आजींनाच टिपण लिहायला द्या.

वाळूखडी: चाल आहे तर 'चालदार' म्हणा ना.

ओसरी: चालदार घोडा असतो.

वाळूखडी: आमच्या गावी घोड्याला जहालही म्हणायचे. आवरत नसला की.

ओसरी: कुठलं गाव?