अडीच वर्षांच्या मुलीच्या खोलीत रात्रभर दिवा ठेवावा का? कोणता घ्यावा?

शाहूपुरीची आई (सातारा)
नमस्कार मंडळी. लेक अडीच वर्षांची आहे. आतापर्यंत अंधारात गाढ झोपायची. हल्ली दिवा मालवला की कपाटाकडे बोट दाखवून "तिथं कोणाय?" विचारते आणि रडायला लागते. सासूबाई म्हणतात, झिरोचा बल्ब लावून ठेव, पोर घाबरतंय. यांनी कुठेतरी वाचलंय की दिव्यात झोपवलेल्या मुलांना लवकर चष्मा लागतो. आम्हा दोघांनाही शाळेपासून चष्मा आहे, त्यामुळे माझ्या मनात ते बसलंय. कुणी अनुभवी सांगेल का? दिवा घ्यायचा तर कसला, आणि लावायचा कुठे?

विश्रामबागकर (सांगली)
ताई, चष्म्याची काळजी आधी मनातून काढा. ती बातमी आली कुठून ते सांगतो. 1999 साली 'नेचर'मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला होता. दोन वर्षांच्या आत दिवा लावून झोपलेल्या मुलांत लांबचं कमी दिसण्याचं प्रमाण जास्त, असं त्यात होतं. जगभर गाजलं ते. पण पुढच्याच वर्षी, 2000 साली, त्याच मासिकात दुसऱ्या दोन गटांचे अभ्यास आले आणि त्यांना असा संबंध दिसला नाही. त्यांना दिसलं ते असं, की ज्या आईवडिलांना स्वतःला चष्मा आहे तेच मुलांच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात. मुलांकडे चष्मा येतो तो बऱ्याच अंशी आईवडिलांकडून. म्हणजे तुमच्या लेकीला पुढे चष्मा लागलाच तर तो या दिव्यामुळे नसेल. तिच्या डोळ्यांसाठी करायचंच असेल तर रोज दिवसाउजेडी बाहेर भरपूर खेळू द्या, त्याचा उपयोग होतो हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय.

मात्र झोपेवर उजेडाचा परिणाम होतो, आणि तो मोठ्यांपेक्षा लहानांवर जास्त. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होऊ लागतं आणि झोप येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2022 सालच्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर उजेडात ठेवलं होतं. अगदी मंद, 5 ते 40 लक्स उजेडातही मेलाटोनिन सरासरी 78 टक्क्यांनी घटलं. ती मुलं तेव्हा जागी होती, डोळे उघडे होते. म्हणून मी म्हणेन, रात्रभरच्या बारक्या दिव्यापेक्षा झोपायच्या आधीच्या तासाकडे जास्त लक्ष द्या. नऊपर्यंत पांढरी ट्यूब, टीव्ही आणि मोबाइल, आणि मग एकदम काळोख, असं बहुतेक घरांत चालतं. जेवणं झाली की ट्यूब बंद करून पिवळा दिवा लावून बघा.

आष्ट्याची मावशी
आमच्या लेकराचंही असंच व्हतं. मग ध्यानात आलं, खिडकी रस्त्याकडं. गळीत हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जायचे आणि त्यांच्या दिव्यांनी खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर सरकायची. जाड पडदा लावला, झालं. रात्री त्या खोलीत लेकीच्या शेजारी, तिच्या उशीवर डोकं ठेवून पडून बगा. कपाटावर काय पडतंय ते तिथनंच दिसंल.

गणपती पेठ, इलेक्ट्रिकवाले (सांगली)
दिव्याचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

नाव झिरो असलं तरी जुना काचेचा बल्ब 12-15 वॉट खायचा आणि हात भाजेल इतका तापायचा. आता एलईडीचा अर्ध्या वॉटचा घ्या. रोज दहा तास जळला तरी महिन्याला युनिटचा सहावा हिस्साही होत नाही. रंग लाल नाहीतर नारिंगी-पिवळा. गिऱ्हाईक निळा मागतं, शांत वाटतो म्हणून, पण झोप उडवायला निळाच सगळ्यात पुढं. पांढऱ्यात घ्यायचा झाला तर खोक्यावर 2700 के (पिवळसर उजेड) लिहिलेला बघा, 6500 के (निळसर पांढरा) नको. रंग बदलणारे, छतावर तारे फिरवणारे नकोत, पोर बघतच बसतं.

जागा म्हणाल तर डोळ्यांच्या रेषेच्या खाली, पलंगाच्या पायथ्याकडं किंवा कपाटाआड. बल्ब दिसायला नको, नुसता उजेड दिसावा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, त्यामुळं लांब लावलेलाच बरा.

आणि एक कळकळीनं सांगतो. बटण सेलवाली खेळणी-दिवे अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, रिमोटसुद्धा. तो सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजायला लागते. संशय जरी आला तरी सकाळची वाट बघू नका, तडक दवाखान्यात. घ्यायचाच झाला तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारा घ्या. खालच्या सॉकेटला झडप असलेला प्लेट बसवून घ्या.

शाहूपुरीची आई
खूप आभार सगळ्यांचे. आजच उशीवर डोकं ठेवून बघते. एक राहिलं, ती रात्री शूला उठते, तेव्हा काय करू? आणि लाइट गेली की?

विश्रामबागकर
शूसाठी खोलीतली ट्यूब लावू नका. बाथरूमच्या वाटेवर तसलाच बारका दिवा ठेवा आणि दार थोडं उघडं. बऱ्याच मुलांना तेवढा उजेड पुरतो, मग खोलीत वेगळा दिवा लागतच नाही. लाइट जाण्याचं म्हणाल, तर तो पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर चार्जिंगचा दिवा. निरंजन किंवा मेणबत्ती खोलीत ठेवून झोपू नका, मच्छरदाणी असेल तर मुळीच नाही.

मिरजेची आजी
सूनबाई, या वयात कल्पना धावायला लागते म्हणून भीती येते. हे वाढीचंच लक्षण आहे. "काही नाही तिथं, गप झोप" म्हणू नका आणि बागुलबुवाचं नाव घरात कुणी काढायचं नाही, हे घरच्या मोठ्यांनाही सांगा. काठी घेऊन कपाटातल्या कुणाला हाकलायचं नाटकही नको, मग तिथं कुणीतरी होतं असंच तिला वाटतं. दिवसा कपाट उघडून तिच्याच हातानं कपडे लावून घ्या. रात्री दिव्याचं बटण तिला दाबू द्या.

मला एक विचारायचं आहे. ती रडते ती झोपायच्या आधीच, की झोप लागल्यावर दोन-तीन तासांत किंचाळून उठते? उठल्यावर डोळे उघडे असून तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी तिला काहीच आठवत नाही, असं असेल तर ती अंधाराची भीती नव्हे, दिव्यानं त्यात फरक पडणार नाही. तशा वेळी उठवायचं नाही, पडणार-आपटणार नाही एवढं बघत जवळ बसायचं. कसं होतं ते कळवा, मग पुढचं बोलू.