फोटोत बिल्डिंगचं रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून काढलेलं चित्र) बसवायचंय, चिकटवल्यासारखं दिसतंय. सल्ला हवा

गच्चीवरून: नमस्कार मंडळी, कोथरूडला आमच्या एका ओळखीच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, सभासदांना दाखवायला गल्लीच्या खऱ्या फोटोत नवीन सात मजली बिल्डिंग बसवून हवीय. स्केचअपमध्ये थ्रीडी मॉडेल आहे, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअरही थोडंफार येतं, फोटो मोबाईलवर मे अखेरीस सकाळी साडेनऊला काढलाय. पण काही केलं तरी स्टिकर चिकटवल्यासारखं वाटतं, आणि गंमत म्हणजे एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, उत्तरेकडे आहे, फोटोत शेजारच्या बिल्डिंगच्या पुढच्या भिंतीवर ऊन दिसतंय, माझ्या रेंडरमध्ये मात्र पुढची बाजू काळीकुट्ट. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फुकट असेल तर उत्तम.

तिरपी_रेघ: सॉफ्टवेअर नंतर बघा, आधी कॅमेरा जुळवा, म्हणजे मॉडेलकडे फोटोच्याच जागेवरून आणि कोनातून बघा. त्यासाठी एफस्पाय नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फोटो टाकून कंपाउंड वॉलच्या, शेजारच्या बाल्कन्यांच्या रेघांवर लाइनी ओढायच्या, तो कॅमेरा काढून देतो आणि ॲडऑनने थेट ब्लेंडरमध्ये येतो. फक्त फोटो क्रॉप केलेला नको, कारण लेन्सचा मध्य फोटोच्या मधोमध आहे असं तो धरून चालतो. मोबाईलच्या ०.५एक्सने (वाइड लेन्सने) काढलेला असेल तर सरळ परत जाऊन १एक्सने काढा, कडेला ताणलेल्या फोटोत काहीच नीट बसत नाही.
आणि मॉडेलमध्ये फक्त आपली बिल्डिंग नको. कंपाउंड वॉल टेपने मोजून तिचा डबा (साधा ठोकळा) करा, शेजारच्या बिल्डिंगचाही करा. डबे फोटोवर चपखल बसले की समजा कॅमेरा बरोबर.

उन्हाचा_हिशोब: काळ्या भिंतीचं सांगतो. स्केचअपमध्ये जिओ-लोकेशन, म्हणजे जागेचं ठिकाण, दिलंय का? नसेल दिलं तर तो बाय डिफॉल्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं बोल्डर धरतो, म्हणजे अक्षांश 40, तिथे साडेनऊपर्यंत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पुणं साडेअठरावर, मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत आपल्याकडे सूर्य दिवसभर थोडा उत्तरेलाच राहतो. म्हणून फोटोतल्या उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन आहे आणि तुमच्या रेंडरमध्ये अंधार. फोटोच्या डिटेल्समध्ये तारीख-वेळ असतेच, तीच टाका. ब्लेंडरमध्ये सन पोझिशन ॲडऑन आहे, त्यात टाइम झोन साडेपाच करायला विसरू नका.

गच्चीवरून: बोल्डरच निघालं हो 😀 लोकेशन टाकल्या टाकल्या भिंत उजळली. आता पुढे गुलमोहर आहे आणि विजेच्या तारा, त्या पुसून टाकू का? साहेब म्हणतात क्लीन दिसायला हवं.

वाळूसिमेंट: तारा अजिबात पुसू नका, सभासद रोज त्याच गल्लीतून जातात, त्यांना लगेच कळणार. उलट त्या तारा आणि झाड बिल्डिंगच्या पुढे आले की निम्मं काम झालं. मागे उजळ आकाश असेल तर फोटो एडिटरमध्ये निळा चॅनल (फोटोतला फक्त निळ्या रंगाचा थर) डुप्लिकेट करा, लेव्हल्सने पानं काळी आकाश पांढरं करून घ्या, झाला मास्क, म्हणजे बिल्डिंग कुठे दिसावी कुठे झाकावी याचा साचा. पानागणिक कापत बसलात तर रात्र जाईल. जिथे मागे जुनी बिल्डिंग आहे तिथे मात्र हातानेच करावं लागतं, इलाज नाही.

तिरपी_रेघ: +१. आणि ते शेजारचे डबे ठेवा, त्यांची सावली तुमच्या बिल्डिंगवर पडली पाहिजे. रस्त्याला एक प्लेन (सपाट पृष्ठभाग) टाकून ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये त्याला शॅडो कॅचर करा, म्हणजे तो स्वतः न दिसता फक्त सावली येते. रेंडर ट्रान्सपरंट फिल्मवर (पारदर्शक पार्श्वभूमीवर) काढा आणि फोटो ब्लेंडरच्या आत लावू नका, फिल्मिक किंवा एजीएक्स या ब्लेंडरच्या रंगसेटिंगने तो फिका पडतो. जोडणी बाहेर, गिंप या फुकट फोटो एडिटरमध्ये केलीत तरी चालेल.

लंडनवासी: इकडे प्लॅनिंगला असे फोटो द्यायचे तर लँडस्केप इन्स्टिट्यूटची गाइडलाइन आहे, साधारणपणे फुल फ्रेम कॅमेरा आणि 50 एमएम लेन्स लागते, ट्रायपॉडची जागासुद्धा सर्व्हे करून नोंदवतात. सोसायटीच्या मीटिंगला एवढं नको, पण कुठे उभं राहून काढला ते लिहून ठेवा. कोणीतरी विचारतंच, "एवढी उंच दिसणार का खरंच?"

गच्चीवरून: सगळं करून बघितलं, आता बसलीय बिल्डिंग जागेवर. पण अजूनही शेजारच्यापेक्षा जास्तच कडक दिसतेय, आणि कडेला बारीक काळी रेघ.

वाळूसिमेंट: काळी रेघ अल्फाची (रेंडरच्या अर्धपारदर्शक कडेची), फोटोशॉपमध्ये लेयर, मॅटिंग, रिमूव्ह ब्लॅक मॅट. कडकपणाचं म्हणाल तर तुमचा काळा रंग फारच काळा आहे. फोटोतली तेवढ्याच अंतरावरची सगळ्यात गडद सावली आयड्रॉपरने बघा, ती करडी-निळसर निघेल, रेंडरचा काळा कर्व्ह्जने तिथपर्यंत वर उचला. मग किंचित ब्लर, मोबाईलच्या फोटोइतकाच नॉइज (बारीक दाणे). आणि तळमजल्याच्या काचेत गल्लीचीच समोरची बाजू दिसू द्या, नेटवरचं कुठलंतरी आकाश नको. उद्या जाताच आहात तर पाठ फिरवून तोही एक फोटो काढून आणा.