कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानाचा बोर्ड लावायचाय, परवानगी लागते काय?

प्रश्न: मेन रोडला बेकरी सुरू करायलोय, शटरवर लाईटचा बोर्ड आणि गच्चीवर लोखंडी अँगलचा एक मोठा, असं डोक्यात हाय. पेंटर म्हणतोय कोण विचारत नाही, लावून टाका. खरं काय?

पहिलं उत्तर: भावा पेंटरचं ऐकू नको. महापालिका कायद्याच्या कलम २४४ आणि २४५ मध्ये आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीच्या वर आकाशात दिसणारा बोर्ड) आणि जाहिरात फलकाला आयुक्तांची लेखी परवानगी सांगितलीय, गच्चीवरचा तर त्यातच आला. अर्जाआधी घरमालकाची लेखी संमती घे, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून अँगल कशात बसवणार ते बघून घे, नुसत्या कठड्याच्या विटेत बोल्ट मारलेला बोर्ड वळवाच्या वाऱ्यात टिकत नाही, खाली माणसं चालत असतात रे. घाटकोपरला मे २०२४ मध्ये होर्डिंग पडून १७ जण गेले.

दुसरं उत्तर: दादा, मराठी नाव मोठं ठेवा, दुकाने आणि आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. माझं मत विचाराल तर गच्चीवरचा नकोच, शटरवरचा चांगला करा.

प्रश्नकर्ता: पटलं. गच्चीवरचा कॅन्सल, शटरवरच्याची चौकशी महापालिकेत सोमवारी करतो.