मदत हवी आहे: स्तोत्र 104 आणि अतेनचे स्तोत्र यांतले साम्य कोणत्या वाटेने आले?

बायबलमधले स्तोत्र 104 आणि इजिप्तमध्ये अमार्ना इथे आय या दरबाऱ्याच्या थडग्यात कोरलेले अतेन या सूर्यबिंबरूपी देवाचे मोठे स्तोत्र मी सध्या शेजारी ठेवून वाचते आहे. अंधार पडला की सिंह बाहेर पडतात, उजाडल्यावर माणसे कामाला लागतात, मग पाण्यावर जहाजे येतात. दोन्हीकडे हाच क्रम! 'तुझी कृत्ये किती!' हा उद्गारही दोन्हीकडे आहे.

अडते ते पुढे. अतेन सोडून बाकी देवांची पूजा मोडणारा इजिप्तचा राजा अखेनातेन इ.स.पू. 14व्या शतकातला. तो गेल्यावर त्याची राजधानी ओस पडली, कार्नाक या मंदिरनगरीतली अतेनची मंदिरे पाडून ते दगड नव्या बांधकामात भराव म्हणून घातले गेले. मग काही शतकांनंतरच्या हिब्रू कवीपर्यंत हे पोचले कसे?

इस्राएल लोकांना इजिप्तमधून बाहेर काढणारा बायबलमधला मोशे हा अखेनातेनच्या पंथातला इजिप्शियन होता, असे मनोविश्लेषक फ्रॉइडने 1939 साली मांडले. मला ते पटत नाही, कारण एकच देव ही कल्पना इस्राएलात सुरुवातीपासून ठाम दिसत नाही. सिनाईतल्या कुंतिलेत अज्रुद या ठिकाणच्या इ.स.पू. 800 च्या सुमाराच्या लेखांत 'याहवे आणि त्याची अशेरा' असा जोडीने उल्लेख येतो (याहवे हा इस्राएलचा देव, अशेरा हे एका देवीचे नाव). 'माझ्यावाचून दुसरा देव नाही' हे बायबलच्या यशया या पुस्तकात (अध्याय 45) इतके ठामपणे येते ते थेट बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळात (इ.स.पू. 6वे शतक). शिवाय अतेनच्या स्तोत्रात रात्र म्हणजे देव मावळल्यावरचे मरणच, तर स्तोत्र 104 मध्ये अंधारही देवच करतो आणि सिंह त्याच्याकडेच अन्न मागतात. हा फरक मला साम्याहून मोठा वाटतो.

लेखनिकांची वाट मात्र शक्य वाटते. बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकात (अध्याय 22-23) गरिबाला लुबाडू नको, तापट माणसाशी मैत्री करू नको, शेताची हद्द सरकवू नको हे उपदेश येतात. तेच आमेनेमोपे या इजिप्शियन बोधग्रंथातही आहेत, आणि हे नाते अडॉल्फ एर्मानने 1924 मध्येच दाखवले होते. यहूदा या जेरुसलेमभोवतालच्या राज्यातल्या खापरांवरच्या हिशोबांत इजिप्तच्या हिएरॅटिक या जलद लिपीतले आकडेही सापडतात.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अखेनातेननंतरच्या, इजिप्तचा प्रमुख देव आमोन-रे याच्या स्तोत्रांत सिंह, जहाजे या प्रतिमा टिकून राहिल्या का? आणि यहूदातले लेखनिक इजिप्तकडून फक्त आकडेमोड शिकले, की तिथले वाङ्मयही शिकत होते? यावर मराठी किंवा इंग्रजीत काही वाचण्यासारखे असेल तर कृपया सुचवा.