मदत हवी आहे : पोर्टल व्हेनमध्ये पू झालेली गुठळी, रक्त पातळ करायचं औषध द्यावं का?

नमस्कार मंडळी,

दादा, वय ४१, मुलुंडला राहतो. जुलैत पोट दुखायला लागलं, आधी बेंबीशी, मग उजवीकडे खाली. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दुखणं कमीही झालं. आठवड्याने हुडहुडी भरून ताप. दोन गोधड्या, वर आईची शाल, तरी दात वाजत होते. पावसाळ्यातला ताप म्हणून मलेरिया, डेंगी, लेप्टो सगळं तपासलं, सगळं निगेटिव्ह. वहिनी म्हणाली डोळे पिवळे दिसताहेत, तर आम्ही ट्यूबलाइटवर ढकललं. मग कावीळ समजून दोन दिवस उसाचा रस पाजला. (माहितीये. ओरडू नका.)

शेवटी ॲडमिट केलं. डाय देऊन सीटी काढला तर अपेंडिक्सभोवती पू आणि पोर्टल व्हेनमध्ये गुठळी. नाव सांगितलं पायलेफ्लेबायटिस. आतड्यांकडचं रक्त याच शिरेतून लिव्हरला जातं, त्यामुळे अपेंडिक्समधले जंतू तिथवर पोचले म्हणे. ब्लड कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला. सलाईनमधून अँटिबायोटिक्सचा आज नववा दिवस. ताप उतरलाय, हाताला सुई टोचायला जागा उरलेली नाही.

आता सर्जन म्हणतात रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू. फिजिशियन म्हणतात इतक्यात नको, ब्लीडिंग होईल. आम्ही कुणाचं ऐकायचं? कुणाच्या घरात हे झालंय का?

प्रतिसाद

आमच्या बाबांना झालं होतं, मोठ्या आतड्याच्या डायव्हर्टिक्युलायटिसमधून (आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या पिशव्या सुजतात तो आजार). तुमचे डॉक्टर गोंधळलेत असं समजू नका, रक्त पातळ करायचं औषध द्यावं का यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही. आजार इतका कमी दिसतो की औषध देऊन आणि न देऊन तुलना करणारी मोठी चाचणीच झालेली नाही. अँटिबायोटिक्सबद्दल मात्र वाद नाही, साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. ताप गेला म्हणून घाईने घरी नेऊ नका, लिव्हरमध्ये पू होण्याची भीती असते.

बाबांची गुठळी खाली आतड्याच्या शिरेत, एसएमव्हीत उतरली होती. तिथे रक्त अडलं तर आतडं काळं पडू शकतं, म्हणून रक्त पातळ करायला आधी हेपॅरिन, मग वॉरफरिन दिलं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा होता. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा असर कमी होतो; मेथी-पालक बंद नव्हतं, पण एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं चालत नाही. अंगदुखीची गोळी मनाने अजिबात द्यायची नाही.

सीटीची सीडी घ्या, दोघा डॉक्टरांना एकत्र गाठा आणि विचारा : एसएमव्ही मोकळी आहे का, गुठळी वाढतेय का, डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) पुन्हा कधी? तरी पटलं नाही तर परळला केईएममध्ये गॅस्ट्रोचा विभाग आहे, तिथे सेकंड ओपिनियन घ्या.

धागाकर्ती

खूप आभार. रिपोर्ट आत्ता उघडला, त्यात एसएमव्हीपुढे ‘पेटंट’ लिहिलंय. म्हणजे मोकळी ना? सकाळच्या राउंडला दोघांनाही थांबवते. आणि आईला फोन करून उद्याच्या डब्यातली मेथी आधी विचारून मगच दे म्हणून सांगितलं, तर ती माझ्यावरच रुसलीये.