परदेशातील तळावर १५ ऑगस्ट : पलटणीच्या धर्मगुरूंचे काम नेमके काय असते?

कृष्णाकाठ :
माझा मावसभाऊ सैन्यात नायब सुभेदार हुद्द्यावर धर्मगुरू आहे आणि त्याची पलटण सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानमध्ये आहे. स्वातंत्र्यदिन हा काही धार्मिक सण नव्हे आणि ध्वजारोहण तर कमांडिंग ऑफिसर करतात. तरीही "वर्षातले सर्वांत जास्त काम मला त्याच दिवशी असते," असे तो फोनवर म्हणाला आणि तेवढ्यात फोन तुटला. कोणास अनुभव असल्यास कृपया लिहावे.

निवृत्त पंडितजी :
मी याच पदावरून निवृत्त झालो असून २०१८ चा १५ ऑगस्ट जोंगलेई राज्यातील बोर येथे काढला आहे. त्या वेळी भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे होते, त्यामुळे लाल किल्ल्यावर साडेसातला ध्वज चढला तेव्हा आमच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते आणि उजाडलेलेही नव्हते. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस असतो व जमीन आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, बुटांना धरून ठेवणारी. म्हणून संचलनाच्या जागेवर आधी मुरूम पसरावा लागला. (तिकडेही त्याला मुरमच म्हणतात, याचे मला फार नवल वाटले होते.)

ध्वजवंदनानंतर सर्वधर्म स्थळात प्रार्थना झाली. इतर धर्मांच्या प्रार्थनांची ओळख आम्हाला पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेतील प्रशिक्षणातच झालेली असते. ९ एप्रिल २०१३ रोजी याच राज्यात गुमुरुकजवळ आपले पाच सैनिक मारले गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या तळावर आणखी दोघे. त्या सातही जणांची नावे मी वाचली, तेव्हा लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, आलेला शिऱ्याचा वास आणि ती नावे यांचा मेळ मला काही केल्या घालता येईना.

आपल्या भावाने सांगितलेले काम मात्र रात्री, बडा खाना (पलटणीचे सामुदायिक जेवण) आटोपल्यावर सुरू होते. त्या दिवशी घरी फोन झालेले असतात. एक जवान मंदिराच्या पायरीवर येऊन बसला. प्रभातफेरीला निघालेला त्याचा मुलगा त्याने दुपारी मोबाइलवर पाहिला होता. "पंडितजी, डोक्यावर संयुक्त राष्ट्रांचे निळे शिरस्त्राण घालून मी नेमका कोणत्या देशाचा पहारा देतो, हे त्या पोराला कसे सांगू?" असे त्याने विचारले. माझ्याजवळ त्याचे चांगले उत्तर नव्हते आणि गीतेतला श्लोक म्हणून वेळ मारून नेणे मला प्रशस्त वाटले नाही. पहाटे त्याची गस्त होती, म्हणून थोडा वेळ शेजारी बसून मी त्याला झोपायला धाडले. त्याच्यामागून आणखी चौघे आले.

तर्कट :
अनुभव हृद्य आहे, पण राष्ट्रीय दिनाला मंदिराची जोड का द्यावी, हे मला अजूनही कळत नाही.

निवृत्त पंडितजी :
आपली शंका रास्त आहे. पलटणीतील जवानांचा धर्म तोच त्या पलटणीच्या धर्मगुरूचा, अशी सैन्यातील पद्धत आहे. म्हणून कोठे पंडित, कोठे ग्रंथी, मौलवी किंवा पाद्री असतात आणि अधिकारी आपला धर्म बाजूला ठेवून जवानांच्या प्रार्थनेत उभे राहतात. त्या रात्री पायरीवर आलेल्या पाचांपैकी एकानेही पूजा सांगितली नाही, हेही आपण लक्षात घ्यावे.

कृष्णाकाठ :
मनःपूर्वक आभार. मग १५ ऑगस्टला त्याला फोन केव्हा करावा?

निवृत्त पंडितजी :
दक्षिण सुदानने २०२१ मध्ये घड्याळ एक तास मागे घेतल्यामुळे आता फरक साडेतीन तासांचा आहे. आपल्या रात्री साडेनऊला तिथे संध्याकाळचे सहा वाजतात, म्हणजे बडा खान्याची घाई असते आणि त्यानंतर तो मोकळा नसतोच. १६ तारखेला दुपारी करावा, आणि आधी त्याला बोलू द्यावे.