मामा तलावाची आघाडी: निर्णय सहमतीने घ्यावा की मताने?

बोडीकाठ (भंडारा जिल्हा):
आमच्या गावच्या माजी मालगुजारी (मामा) तलावासाठी, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदाराच्या ताब्यात असलेल्या तलावासाठी, मच्छीमार संस्था, धानकरी शेतकरी, महिला बचत गट आणि ग्रामपंचायत यांची आघाडी झाली होती. चौथ्या सभेला मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे कोणीच आले नाही. भांडण झाले नव्हते. मोरी (तलावाचे पाणी सोडण्याचे दार) उघडण्याचा प्रत्येक ठराव मतास टाकला जाई आणि धानकरी संख्येने अधिक असल्याने निकाल आधीच ठाऊक असे. धान लोंबीवर आले की शेताला पाणी हवे, पण तेच पाणी उन्हाळ्यापर्यंत मासोळीलाही हवे.

मॅकमिलन आणि चॅव्हिस या समुदाय-मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये समुदायभावनेचे चार घटक मांडले: सदस्यत्व, प्रभाव, गरजांची पूर्ती आणि सामायिक भावनिक नाते. आम्ही ढिवरांना सदस्यत्व दिले, प्रभाव मात्र दिला नाही. ज्याच्या बोलण्याने काहीच हलत नाही, तो किती दिवस सतरंजीवर बसेल? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस काढला जातो. आपणही मतदान बंद करावे, असे माझे मत आहे.

सातबारा:
पूर्णपणे असहमत. मेंढा हे गोंड आदिवासींचे गाव. त्यांचा जंगलाशी संबंध एकसारखा आहे आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्यांना सामूहिक हक्कही मिळाला. आपल्याकडे एकाचे पाणी म्हणजे दुसऱ्याची तूट. अशा गावात सहमती म्हणजे पाटलाने विचारायचे, "कोणाची हरकत आहे काय?" आणि ज्याला उद्या त्याच्याच बांधीत मजुरीला जायचे आहे, त्याने मान खाली घालायची. एका गावी मी इतिवृत्ताची वही पाहिली आहे: ठराव "सर्वानुमते मंजूर" आणि खाली ओळीने अंगठे, पण ते घरोघरी फिरून घेतलेले. मतदानात हरलेल्यांची संख्या निदान कागदावर उरते. सहमतीत तीही पुसली जाते.

रोवणी:
आपण दोघेही हात कसे मोजावे यावर भांडत आहात. सभा रात्री आठला, म्हणजे चूल पेटलेली असताना, ठेवली तर बायकांचे हात मोजायला येणार कुठून? आमच्या गटाने दोन दिवस चिखलात उभे राहून तलावातली बेशरम (पाणथळ जागी माजणारे झुडूप) उपटली, तेव्हा मात्र कोणी ठराव मागितला नाही, आणि ढिवरांच्या बायाही आमच्यासोबत होत्या. आघाडी खरी तिथे दिसली. पाण्याबाबत माझी सूचना एवढीच की मोरीच्या दगडावर एक खूण कोरावी. त्या खुणेखालचे पाणी मासोळीचे, त्यावर ना मतदान ना सहमती. खुणेवरच्या पाण्याचे धानकऱ्यांनी आपसात ठरवावे.

सातबारा:
सूचना चांगली आहे, परंतु खूण किती उंचीवर कोरायची हेही कोणालातरी ठरवावेच लागेल. शिवाय १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या पाळीची (तलावाच्या बांधाची) माती काढायलाही आज परवानगी लागते, तिथे दगडावर छिन्नी चालवणे दूरच. मतदान झालेला रीतसर ठराव असेल तरच कार्यालयात दाद लागेल.

बोडीकाठ:
वहीतल्या अंगठ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मौनाला होकार समजण्याची चूक आमच्याकडेही झाली असती. तरीही मतदानाला माझा विरोध कायम आहे, कारण कार्यालयाला ठराव लागतो तो शेवटी, आणि आमची माणसे त्याआधीच उठून गेली. रोवणीताईंची खूण आधी गेरूने काढून पाहू; गेरूला परवानगी लागत नाही. उंची मात्र ढिवरांनी सांगावी आणि त्यासाठी आपण त्यांच्या वस्तीत जावे, तेही सकाळी, जाळी वाळत घातल्यावर.

सातबारा:
मी येतो. पण वही सोबत आणीन.